पाणी मागणारा पाळक

मालेगाव

आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव जहाँगीर. नाशिककडचं ते वेगळं. हा खुलासा मला व्हिसाच्या अर्जापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत चार ठिकाणी करावा लागला, म्हणून सवयीनं इथंही करून टाकतो.

मी इथल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. रविवारची उपासना, बाप्तिस्मे, लग्नं, मातीला जाणं ही माझी कामं सगळ्यांना माहीत आहेत. आणखी एक काम आहे, ते कुठल्या नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं. कुणाचा मुलगा पुण्यात, कुणाची लेक सुरतेला. तिकडं काही बरंवाईट झालं की नातेवाईक घरी फोन करत नाहीत, आधी मला करतात. "पाळकसाहेब, तुमीच जाऊन सांगा." मग मी जातो.

त्याची माझी एक रीत ठरलेली आहे. दारात गेलो की बसायचं आणि प्यायला पाणी मागायचं. घरातलं माणूस माठाकडं जातं, त्याच्या हाताला काम लागतं. पाणी सावकाश प्यायचं. मग म्हणायचं, तब्येत जरा बरी नाही म्हणे. थोड्या वेळानं, जरा जास्तच आहे. मग, आपल्याला निघायला पाहिजे. बाकीचं त्या माणसाला वाटेत आपोआप कळत जातं. मी सत्तावीस वर्षं हेच केलं आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

परिणाम असा झाला की आता सगळ्या मालेगावाला ही खूण पाठ आहे. पाळकानं चहा घेतला तर सगळं ठीक, पाणी मागितलं तर मेलो. एकदा भर उन्हाळ्यात मला खरोखरच तहान लागली होती म्हणून एका घरी पाणी मागितलं, तर ती बाई उंबऱ्यातच बसली आणि रडायला लागली. तिला समजावता समजावता माझी तहान पळाली. तेव्हापासून मी स्कूटरला स्वतःची बाटली लावून फिरतो.

ही रीत मला गायकवाड सरांनी शिकवली. पुण्याला सेमिनरीत ते आमच्याकडून सराव करून घ्यायचे. एका विद्यार्थ्यानं पाळक व्हायचं, दुसऱ्यानं बाई. आमचा एक दाढीवाला मित्र दर वेळी विधवा व्हायचा आणि सर सांगायचे, "उभ्या माणसाला बातमी सांगू नये. रिकाम्या हाताच्या माणसाला तर नाहीच." आम्ही हसायचो. दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी सरांनी मला खोलीवर बोलावलं आणि म्हणाले, जा रे, माठातून ग्लासभर पाणी आण. मी आणलं. ते पाणी ते प्याले नाहीत. ग्लास माझ्याच हातात ठेवला आणि म्हणाले, तुझ्या वडिलांची तब्येत जरा जास्त आहे, किन्हीराजाला घरी जाऊन ये.

त्या प्रवासाबद्दल पुढं सांगतो.

तर स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या एका गावातल्या चर्चनं मला मे महिन्यात अठरा दिवसांसाठी बोलावलं. आमच्या भागाशी त्यांची जुनी ओळख आहे, तिकडचा एक पाळक इकडं यावा आणि इकडचा तिकडं जावा अशी कल्पना. माझं वय चोपन्न, विमान फक्त आकाशात पाहिलेलं. लोकांना काळजी करू नका म्हणून सांगणं हा माझा धंदा असला तरी मी स्वतः पहिल्या नंबरचा काळजीखोर आहे. सत्तर बहाणे केले. पण माझी बायको सुनंदा ऐकेचना. ती किन्हीराजाच्या शाळेत शिक्षिका आहे आणि वर्गात जसं बोलते तसंच घरी बोलते. "तुमी जाऊन राह्यले. विषय संपला."

निघायच्या आधीच्या आठवड्यात तिनं घर वरपासून खालपर्यंत धुतलं. रेशनकार्ड कुठं, गॅसचं पुस्तक कुठं, पाटल्या कोणत्या डब्यात, हे सगळं आमच्या लेकीला, रूथला दाखवून ठेवलं. रूथ वाशीमला नर्स आहे, सुट्टी काढून आली होती. मी हे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, बाईला वाटतंय विमान पडणार. मला तिची दया आली. मी तिला धीरसुद्धा दिला. आज ते आठवलं की लाज वाटते.

समुद्रकाठचं गाव

त्या गावात झाडं कमी आणि वारा फार. घरं करड्या दगडाची, बुटकी, एकमेकींना खेटून बसलेली. मे महिना असून मी दोन स्वेटर घालून फिरायचो आणि तिथली माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, "आज काय छान गरम आहे" म्हणायची. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी उजेड. दिवस संपतच नाही, त्यामुळे काळजी करायलाही जास्त वेळ मिळतो.

माझी यजमान म्हणजे तिथली पाळक, एलिनॉर. साठीची बाई, उंच, केस अगदी बारीक कापलेले, चालणं भराभर. आमच्याकडं बाई पाळक म्हटलं की मंडळीच्या पंचांच्या भुवया वर जातात. इथं या बाईनं एकटीनं तीन गावांची चर्चेस सांभाळत होती. सकाळी ती मला ओटची लापशी द्यायची, मीठ घालून. पहिला घास घेतला आणि मला आमच्या कण्या आठवल्या. ज्वारीच्या कण्या, ताक घालून. मी सुनंदानं दिलेली जवसाची चटणी काढली आणि लापशीवर टाकली. एलिनॉरनंही चमचाभर घेतली. दोन मिनिटं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून बरणी पुढं ओढली.

पहिल्या रविवारी माझा उपदेश. मी आठ पानं इंग्रजीत लिहून नेली होती, रूथकडून तपासून घेतलेली. चर्चच्या दाराशी सगळ्यांशी हात मिळवताना एक झोत आला आणि आठही पानं कबरस्तानात. मग त्या मंडळीतले सत्तरीचे, ऐंशीचे म्हातारे काठ्या टेकत कबरींमधून माझी पानं वेचायला लागले. पाच सापडली. मी तिसऱ्या पानावरून थेट सहाव्यावर गेलो तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर कॉफी पिताना एक आजोबा म्हणाले की उपदेश नेमका आणि आटोपशीर होता.

आमच्याकडं उपासनेला लेकरांचा एवढा गलबला असतो की मला मधूनमधून थांबावं लागतं. तिथं एकही लेकरू नव्हतं. माणसं विखरून बसलेली, प्रत्येकाची जागा ठरलेली, काही जागा रिकाम्या. एलिनॉरनं मला हळूच सांगितलं की रिकाम्या जागाही ठरलेल्याच आहेत, गेलेल्या माणसांच्या, त्यांवर कुणी बसत नाही.

आणखी एक फरक मला पचायला जड गेला. तिथं कुणाकडं न सांगता जात नाहीत. एलिनॉरच्या वहीत भेटी लिहिलेल्या असायच्या, मंगळवार सव्वातीन, गुरुवार अकरा. आम्ही जायचो, घरची बाई दार उघडून आधी किटली चढवायची आणि मग बोलणं. चहा आला की मी मालेगावच्या हिशोबानं निश्चिंत व्हायचो.

इझोबेल

सहाव्या दिवशी सकाळी एलिनॉरला फोन आला. तिनं उभ्यानंच ऐकला, कोट चढवला आणि मला म्हणाली, येताय का. वही उघडली नाही, तेव्हाच मी समजलो. इझोबेल नावाची ऐंशीच्या पुढची म्हातारी, एकटी राहणारी. तिचा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात होता. तो गेला होता आणि भाचीनं एलिनॉरला कळवलं होतं.

म्हणजे इथंही हे काम पाळकाचंच. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, पाहू या बाईची रीत काय आहे.

दार उघडलं. इझोबेलच्या हातात भांडी पुसायचं फडकं होतं. एलिनॉरनं तिचे दोन्ही खांदे धरले आणि पायरीवरच म्हणाली, "इझोबेल, वाईट बातमी आहे. तुझा भाऊ आज वारला."

एवढंच. दार अजून उघडं होतं, वारा आत शिरत होता. मी हादरलो. काय करावं ते न सुचून माझ्या तोंडून सत्तावीस वर्षांच्या सवयीनं निघालं, "मला जरा पाणी मिळेल का?"

इझोबेलनं माझ्याकडं पाहिलं. ती आत गेली, नळाखाली ग्लास भरून आणून माझ्या हातात दिला. मला म्हणाली, तुम्ही बसा, तुमचा चेहरा पांढरा पडलाय. ज्या बाईला भाऊ गेल्याचं दोन मिनिटांपूर्वी कळलं होतं ती मला खुर्ची देत होती. मग ती स्वतः बसली आणि रडली, आणि एलिनॉरनं आत जाऊन चहा केला. तासाभरानं इझोबेल भावाच्या लहानपणच्या खोड्या सांगत होती.

परतताना गाडीत मला राहवलं नाही. म्हटलं, तुम्ही तिला तयार व्हायला थोडा वेळ द्यायला हवा होता. आमच्याकडं आम्ही हळूहळू सांगतो. आणि मी तिला माझी पाण्याची रीत समजावून सांगितली, जरा अभिमानानंच.

एलिनॉरनं नीट ऐकून घेतलं. मग रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "तो वेळ कुणासाठी असतो? त्यांच्यासाठी, की आपल्यासाठी?"

मला राग आला. घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेरच्या मेंढ्या पाहत बसलो. पण राग खाली बसला तसा मला तो पुण्याहून किन्हीराजाचा प्रवास आठवला. तब्येत जरा जास्त आहे, एवढंच सरांनी सांगितलं होतं. अख्खा दिवस आणि रात्र, एका एसटीतून दुसऱ्या एसटीत, मी बापाला बरं कर म्हणून प्रार्थना करत होतो. नवस बोलावा तशी. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मनापासून केलेली प्रार्थना ती. घरी पोचलो तर बाप मी निघायच्या आधीच गेलेला होता. मी एका मेलेल्या माणसाच्या बरं होण्यासाठी प्रार्थना करत आलो होतो आणि सरांना ते ठाऊक होतं. हे मी सुनंदालाही कधी सांगितलं नाही. आणि पुढं सत्तावीस वर्षं तेच मी इतरांच्या बाबतीत केलं.

फोन

आता मुख्य गोष्टीकडं येतो. रोज दुपारी एकच्या सुमाराला मी घरी फोन लावायचो, तेव्हा आमच्याकडं संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. आमच्या भिंतीला लागून रफीकभाईंचं शिलाईचं दुकान आहे. त्यांचं मशीन सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत चालतं आणि आमच्या घरातून केलेल्या प्रत्येक फोनमध्ये त्याचा खडखडाट येतो. सुनंदा म्हणते, या मशीनपायी मी शाळेतल्यापेक्षा घरी जास्त ओरडते.

इझोबेलकडून आलो त्या दिवशी फोन लावला तर मागं मशीन नव्हतं. मी विचारलं, रफीकभाई गावाला गेले का. सुनंदा म्हणाली, असंल बंद. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. आवाज घुमल्यासारखा येत होता, मोठ्या रिकाम्या खोलीतून यावा तसा. व्हिडिओ लाव म्हटलं तर म्हणे नेट नाही.

तिसऱ्या दिवशी मी रफीकभाईंनाच फोन केला. या माणसाला साधी वेळ विचारली तर तो घड्याळ कुणाकडून घेतलं तिथपासून सुरू करतो. त्या दिवशी म्हणाले, "सब खैरियत हाय पाळकसाहेब, गिऱ्हाईक हाय, ठेवतो." मागं मशीन जोरात चालू होतं, म्हणजे सुनंदा बोलत होती ती आमच्या घरातून नव्हे. मग आमच्या मंडळीचे पंच याकोबभाऊ यांना लावला, रविवारची उपासना कशी झाली विचारायला. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "काळजी करू नका."

मी काळजीचं नावही काढलेलं नव्हतं. कुणी न विचारता काळजी करू नका म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ काय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? अख्खं गाव माझ्याच पद्धतीनं माझ्याशी बोलत होतं.

नवव्या दिवशी दुपारी रूथचा फोन आला. एरवी मी करतो, तिनं आपणहून केला. पहिलंच वाक्य, "बाबा, तुमी कुठं हाय? कोनी जवळ हाय काय तुमच्या?"

मी खुर्चीत बसलो. एकट्या माणसाला सांगू नये, हे मीच तिला नर्सिंगला जाताना शिकवलं होतं.

ती म्हणाली, आईचं लहानसं ऑपरेशन झालं. छातीत गाठ होती, अकोल्याला काढली. आता आई झोपली हाय. मी म्हटलं, तिला फोन दे. "झोपली हाय म्हनलं न बाबा." मग फोटो पाठव म्हटलं. फोटो आला. सुनंदा डोळे मिटून पडलेली, हाताला सलाईन. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. फोटोवरून तो कधी काढलाय ते कळत नाही. आजचा आहे की कालचा, कसं समजावं? लहानसं ऑपरेशन. झोपली आहे. यातला एकेक शब्द मी दुसऱ्यांच्या घरी वापरलेला होता, आणि त्याच्या पोटात काय असतं ते मला माहीत होतं.

माझा माझ्या लेकीवर विश्वास बसेना, यात तिची काही चूक नव्हती.

एलिनॉर आली तेव्हा मी तसाच बसून होतो. सगळं ऐकल्यावर तिनं विचारलं, तुम्ही सरळ विचारलंत का, बायको जिवंत आहे का म्हणून? मी म्हटलं, नाही. तिनं फोन माझ्यापुढं सरकवला. मी तो परत तिच्याकडं सरकवला. मग ती माझ्या परतीच्या तिकिटाच्या मागं लागली. तिकीट बदलून घ्यायला तिचा अर्धा दिवस गेला. अकराव्या दिवशी पहाटे तिनं मला विमानतळावर सोडलं आणि निरोप घेताना लापशीचं एक पाकीट पिशवीत घातलं. सुनंदासाठी, म्हणाली. तिनं सुनंदाचं नाव असं सहज घेतलं, त्यावरच मी विमानात बराच वेळ काढला.

अकोला

मुंबईला उतरल्यावर फोनला रेंज आली. मी घरी फोन लावला नाही. हे वाचणाऱ्याला वेडेपणाचं वाटेल. मला एवढंच सांगता येईल की जोवर लावला नव्हता तोवर ती झोपलेली होती. तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. पुण्याहून निघताना मीही सरांना काही विचारलं नव्हतं. ग्लास हातात आला तेव्हाच मनात कुठंतरी कळलेलं होतं, म्हणून विचारलं नाही.

रूथला फक्त गाडीची वेळ कळवली. उत्तर आलं, "रफीकचाचा स्टेशनवर येतीन."

रूथ नाही, याकोबभाऊ नाही, नात्यातलं कुणीच नाही. आमच्याकडं वाईट असलं की बाहेरचा माणूस घ्यायला पाठवतात, कारण घरच्यांना रडू आवरत नाही. गाडीत मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द येईनात. बरं कर म्हणावं तर पुन्हा ते किन्हीराजासारखं होईल अशी भीती. शेवटी मी नुसतं सुनंदा, सुनंदा म्हणत राहिलो, बहुधा मोठ्यानं, कारण समोरच्या बर्थवरच्या बाईंनी माझ्याकडं पाहून आपल्या नवऱ्याला कोपर मारलं.

अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं खाल्लंय त्यालाच माहीत. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला तर भट्टीचं झाकण उघडल्यासारखं. गर्दीत रफीकभाई दिसले. डोक्याला रुमाल, चेहरा गंभीर. माझ्याकडं आले आणि हातातली बाटली पुढं करून म्हणाले, "पाळकसाहेब, पैले पानी घ्या."

मी तिथंच बॅगेवर बसलो. मी म्हणालो, रफीकभाई, पाणी नको. आधी सांगा.

"काय सांगू?"

"सुनंदा आहे का?"

रफीकभाईंनी एकदा बाटलीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली त्यांनी. "या अल्ला. अवो, गर्मी हाय म्हून पानी आनलं. भाभी घरी हाय कालपासून. सकाळीच मले बोलल्या, मशीन बंद ठेवू नका, आवाजाशिवाय करमत नाई."

मी बॅगेवर बसून रडलो. रफीकभाई शेजारी उकिडवे बसले आणि अर्धी बाटली त्यांनीच पिऊन टाकली. पातूरच्या घाटात ते पूर्ववत बोलायला लागले, मेडशी येईपर्यंत गाडी कुणाची मागून आणली त्याचा इतिहास झाला. रूथ आईपाशी आणि याकोबभाऊ लेकीच्या गावाला, म्हणून ते आले होते. दुसरं काही कारण नव्हतं.

घर

सुनंदा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, डावा हात अंगाशी धरून. चेहरा उतरलेला, पण डोळे तेच, गृहपाठ न केलेल्या पोराकडं पाहायचे. मी तिच्यापाशी बसलो. तिला निघायच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशनची तारीख तिनंच मागून घेतली, शाळेला सुट्टी आणि मी परमुलखात, अशी. तेव्हा मला ते घर धुणं आणि पाटल्यांचा डबा दाखवणं कशासाठी होतं ते कळलं. मी म्हणालो, मला का नाही सांगितलंस?

"सांगलं असतं त तुमी गेले असते काय? अन् इथं राहून काय केलं असतं? माझ्या उशाशी बसून मलेच पानी मागतलं असतं."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. मग मी तिला सगळं सांगितलं. वाऱ्यात उडालेली पानं, लापशीवरची चटणी, इझोबेल, गाडीतलं बोलणं. आणि किन्हीराजाचा तो प्रवासही, पहिल्यांदाच. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या एलिनॉरबाईनं चाहा मंग केला म्हंता?" मी म्हटलं, हो, आधी सांगितलं, मग चहा.

गाठ तपासायला पाठवली होती. त्याचा कागद दोन दिवसांनी मिळणार होता. ते दोन दिवस घरात कुणी त्या विषयावर बोललं नाही. लोक भेटायला यायचे, तिकडं काय पाहिलं विचारायचे, मी मेंढ्यांचं सांगायचो. सुनंदा ओटची लापशी चाखून म्हणाली, आपल्या कण्या बऱ्या. मी रोज दुपारी भिंतीपलीकडचं मशीन ऐकत पडायचो आणि ते थांबलं की उठून बसायचो.

दोन दिवसांनी रूथ सकाळच्या बसनं अकोल्याला गेली. परत आली तेव्हा सुनंदा एका हातानं शेंगा सोलत होती. रूथनं तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडला नाही. पर्स खाली ठेवली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आई, मले जरा पानी दे व."

माझ्या लेकीनं माझीच विद्या चालवली होती. सुनंदानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सवयीनं ती उठायलाही लागली, डाव्या हाताचा आधार घेऊन, आणि कळ आली तशी थांबली.

मी म्हणालो, बस. रूथ, पाणी मी देतो नंतर. कागद आण इकडं.

रूथनं कागद दिला. तिचे डोळे भरले होते. कागद इंग्रजीत, तीन ठिकाणी मला तिला अर्थ विचारावा लागला. ती दबक्या आवाजात सांगत गेली. मग मी सुनंदापुढं उभा राहिलो. तिचे खांदे धरावेत असं मनात होतं, पण डावा दुखेल म्हणून फक्त उजवा धरला.

"सुनंदा, कॅन्सर आहे. गाठ लहान होती, पूर्ण निघाली आहे. पुढं औषधं घ्यावी लागतील. सहा महिने, कदाचित जास्त. केस जातील. बरी होण्याची आशा चांगली आहे असं रूथ म्हणते, पण खात्री कुणी देत नाही."

ती माझ्याकडं पाहत राहिली. तिच्या मांडीवर शेंगांची टोपली होती, ती तिनं खाली ठेवली. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

"झालं सांगून? आनखी काही ठेवलं त नाई मागं?"

"नाही. कागदात आहे तेवढं सगळं सांगितलं."

"मंग चाहा मांडा."

मी आत गेलो. तीन कप काढले. सत्तावीस वर्षांत मी या ओट्यापाशी किती वेळा उभा राहिलो होतो? पाणी उकळायला ठेवलं आणि साखरेचा डबा शोधायला लागलो. पहिल्या डब्यात डाळ, दुसऱ्यात रवा, तिसऱ्यात पाटल्या.

"साखर कुठं आहे?" मी ओरडलो, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. घरात फार शांतता होती.

"वरच्या फळीवर, निळ्या झाकनाचा डबा," सुनंदा बाहेरून म्हणाली. "अन् चार कप मांडा. मशीन बंद हाय. रफीकभाई भिंतीले कान लावून बसले."